नुसता समुद्र

मधुसूदन आगाशे आयुष्यात कधी कुठे उगाच गेला नव्हता. मुंबईला गेला तो लग्नाला, नाशिकला गेला तो वडिलांच्या अस्थी घेऊन, आणि ग्वाल्हेरला बारशांना इतक्या वेळा गेला की ग्वाल्हेर म्हटलं की त्याला किल्ल्याच्या आधी घुगऱ्या आठवत. झाशीत खंडेराव गेटाच्या आत जी मराठी घरं पेशवाईपासून टिकून राहिली होती, त्या सगळ्यांचीच ही तऱ्हा. पूर्वज आले तेही कामानेच. कुणी फौजेबरोबर, कुणी दप्तर सांभाळायला, कुणी पूजा सांगायला. तेव्हापासून माणूस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतो ते कशासाठी तरी, असा नियमच पडून गेला होता. नुसताच कुठेतरी निघालेला माणूस दिसला, तर लोक आधी त्याच्या घरी सगळं ठीक आहे ना, याची चौकशी करत.

अशा माणसाने ऐन मे महिन्यात बायकोपोरांना समुद्र दाखवायला न्यायचं ठरवलं.

‘ठरवलं’ हा शब्दही जरा मोठाच. स्टेशनवर पार्सल ऑफिसात तो बाबू होता. रेल्वेचं नाव ‘सेंट्रल’ होऊन दोनतीन वर्षं झाली तरी झाशीत अजून सगळे जीआयपीच म्हणत, आणि जीआयपीचा बाबू म्हणजे फुकट पासाचा धनी, असा गल्लीत त्याचा लौकिक होता. पास दर वर्षी मिळायचा आणि दर वर्षी कुणाच्या तरी लग्नामुंजीत खपून जायचा. यंदा घराण्यात लग्न नाही, मुंज नाही, कुणी धड आजारीसुद्धा नाही, हे आधी शारदेच्या लक्षात आलं. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, की पास वाया जायच्या आत मुलांना समुद्र दाखवू या. एवढंच म्हणाली, पण लाटणं थांबवून म्हणाली, आणि शारदेचं लाटणं कशासाठी थांबतं ते मधुसूदनला एव्हाना चांगलं कळत होतं.

समुद्र कुठला, यावर त्याने बरंच डोकं चालवलं. मुंबईत नातेवाईक होते. दादरला तिचा मामा, गिरगावात त्याची आत्या, आणि ठाण्याला दोघांचे मिळून इतके, की एकाकडे उतरलं तर दुसरा रुसणार आणि सगळ्यांकडे जेवलं तर समुद्र राहूनच जाणार. रत्नागिरीकडे कुलदैवत, म्हणजे अभिषेक आला, नैवेद्य आला, गुरवाचं आदरातिथ्य आलं. पुरी म्हणजे जगन्नाथ, द्वारका म्हणजे द्वारकाधीश. हिंदुस्थानचा किनारा बघावा तिकडे देवांनी आणि नातेवाइकांनी अडवून ठेवलेला. शेवटी नकाशावरचं बोट मद्रासवर येऊन थांबलं. दिल्लीची ग्रँड ट्रंक झाशीवरून सरळ मद्रासला जाते, गाडी बदलायची नाही, आणि त्या अफाट शहरात आगाश्यांच्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. इतकं निर्दोष स्थळ त्याने बहिणीसाठीही शोधलं नव्हतं.

ऑफिसात वरदाचारी नावाचा मद्रासी गार्ड होता. त्याने बेत ऐकून चष्मा काढला आणि पुसला. मे महिन्यात खुद्द मद्रासची माणसं मद्रासमधून पळतात, तिकडे ऊन कमी आणि वाफ जास्त, माणूस इडलीसारखा आतून शिजतो, असं त्याने आपल्या रेल्वेच्या हिंदीत समजावलं. मधुसूदन हसला. झाशीची लू खाऊन वाढलेला माणूस उन्हाला भीत नाही, असं काहीतरी तो छाती काढून बोलला. लू बाधू नये म्हणून बायकोने खिशात घातलेला कांदा त्या वेळी बाहेर डोकावत होता. तो त्याने हळूच आत दाबला.

तरी त्याने इशारा मनावर घेतला आणि बेत नीट आखला. पहाटे समुद्र. ऊन चढायच्या आत धर्मशाळेत परत. दुपारी खिडकीला ओली चादर लावून झोप. नंतर म्युझियम, त्यातल्या वस्तूंची त्याला हौस होती असं नाही, पण जुन्या दगडी इमारती आतून थंड असतात. दिवे लागले की पुन्हा समुद्र. मुलांना सवय व्हावी म्हणून घरी तालीमही सुरू झाली. मुलगी स्नेहलता, तिने दुपारी झोपायचं. धाकटा मार्तंड, त्याने पहाटे उठायचं. दोघांनीही नेमाने उलट केलं. मार्तंडाने तर समुद्राचीच तालीम म्हणून बादलीत अर्धी बरणी मीठ ओतून अंघोळ केली आणि दिवसभर अंग खाजवत फिरला. त्याने पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे बरुआसागरचा तलाव.

“बाबा, समुंदरमध्ये पण भैंसी उतरतात का?” त्याने विचारलं.

मधुसूदनने ठामपणे नाही म्हणून सांगितलं. वास्तविक त्याचा स्वतःचा समुद्र म्हणजे मुंबईच्या लग्नात वरातीच्या मोटारीतून दिसला तेवढा, आणि त्यातही अर्धा व्याह्यांच्या फेट्याने झाकलेला.

शारदा मात्र वेगळीच झाली होती. ओरछा गेटच्या शिंप्याकडे तिने मार्तंडासाठी नाडीची पोहायची चड्डी टाकली, स्नेहलतेसाठी गुडघ्यापर्यंतचा झगा. स्वतःसाठी एक सुती पातळ काढून ठेवलं, भिजलं तरी चालेल असं. संध्याकाळी कंदील पुसताना ती गुणगुणत असे. हे मधुसूदनने पाहिलं आणि आपण फार मोठे नवरे आहोत असं त्याला वाटू लागलं. असं वाटू लागलं की त्याच्या हातून काहीतरी होतं, हा त्याचा जुना अनुभव.

ते गणपतीच्या देवळात झालं. आरती संपली होती. यमुनाबाई, म्हणजे नात्याने लांबची पण जिभेने जवळची काकू, त्याच्या हातावर खोबरं ठेवताना म्हणाल्या, “शिंप्याकडे फेऱ्या चालल्यात तुझ्या बायकोच्या. कुठे निघालास रे?”

मद्रासला, तो म्हणाला.

“कशाला?”

बाजूची दोनचार माणसं खोबरं चावायची थांबली. देवळाचे पंच नानासाहेब, ज्यांनी आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांचे जबाब घेतले होते, त्यांनी मान वळवली. ‘मजा करायला’ हे दोन शब्द मधुसूदनच्या ओठापर्यंत आले, समोर गजाननाची मूर्ती बघून लाजले आणि परत फिरले. त्यांच्या जागी भलतेच बाहेर पडले.

“रामेश्वर करून यावं म्हणतो.”

देवळाचा नूरच पालटला. म्हाताऱ्यांनी हात जोडले. नानासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती त्यांनी त्याच्या वडिलांनाही कधी दिली नव्हती. या वयात, या पगारात, पोरांना घेऊन रामेश्वर. परत येताना मधुसूदनला स्वतःविषयी इतका आदर वाटला, की आपल्याच गल्लीत शिरताना त्याने जरा मान लववली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला गडू आला.

ज्याला या घरांची रीत ठाऊक नाही त्याला सांगायला हवं. काशी करून आलेला माणूस येताना तांब्याच्या गडूत गंगा भरून, तोंडाला डाख लावून आणतो. ती गंगा रामेश्वराला नेऊन घालायची, तिथली वाळू आणून प्रयागात सोडायची, तेव्हा यात्रा पुरी. झाशीहून काशी जवळ आणि रामेश्वर फार लांब; त्यामुळे घरोघरी देवघराच्या कोपऱ्यात असे गडू हिरवे पडून बसलेले. कुणाच्या आजोबांनी आणलेला, कुणाच्या गेलेल्या नवऱ्याने. रामेश्वराला निघालेला माणूस दिसेपर्यंत वाट बघणं एवढंच त्यांचं काम. आणि तो माणूस आता रेल्वेचा पास घेऊन आपल्या पायांनी देवळात चालत आला होता.

अनुसूयाबाईंचा आला, केशवरावांचा आला, यमुनाबाईंचा आला. नानासाहेबांचा दोघांनी धरून आणला. तो गडू नव्हताच, घागरीचा धाकटा भाऊ होता. प्रत्येकाबरोबर नियमही येत गेले. जमिनीवर ठेवायचा नाही. त्याच्याकडे पाय करायचे नाहीत. जवळ चामडं नको, खरकटं नको, आणि त्या गाडीच्या डब्यात काय काय असतं ते तुला माहीतच आहे. म्हणजे बाकावर मानाने बसणार गंगा, आणि आगाशे मंडळी उभ्याने मद्रासला. हे झालं प्रवासाचं. पुढे मद्रासला गाडी बदलायची, स्टेशनही बदलायचं, छोट्या लाइनीने रात्रभर आणि वर दुपारपर्यंत जायचं, तिथे क्षौर, संकल्प, श्राद्ध, कुंडाकुंडांवरची स्नानं. बेतातले समुद्राचे सगळे दिवस त्यात विरघळून गेले.

शारदेला त्याने समजावून पाहिलं. शेवटी रामेश्वरालाही समुद्रच आहे, तोही तसाच खारा. शारदा गडू पुसत होती. पुसून झाल्यावर तिने तो पाटावर ठेवला, पदराला हात पुसले आणि शांतपणे बोलली.

“तिथे मी तुमच्या मागे पदराला गाठ बांधून उभी राहणार. भटजी सांगेल तेव्हा बुडी, थांब म्हणेल तेव्हा बाहेर. अशी अंघोळ मला रोजचीच आहे हो. मला एकदा असं पाणी हवं होतं, जिथे मी कुणाची सून म्हणून उतरणार नाही.”

एवढं बोलून ती आत गेली आणि कणीक मळू लागली. त्या संध्याकाळी गुणगुणणं बंद झालं. सुती पातळ पुन्हा पेटीत गेलं. पेटीचं झाकण तिने आपटलं असतं तर मधुसूदनला बरं वाटलं असतं, पण तिने ते हळू लावलं.

आता मधुसूदनने अक्कल लढवली. हयात दुसऱ्यांची बोचकी तोलण्यात गेलेली. त्याला सुचणार काय, तर पार्सल. गडू गोणपाटात शिवून ब्रेकव्हॅनमधून रामेश्वराच्या कुणा उपाध्यायाच्या नावाने बुक करावेत. तो चक्क दरपत्रक काढून बसला. गंगा कशात धरायची, तेलात, गुलाबजलात की औषधी अर्कात, यावर त्याचा बराच वेळ गेला. मग त्याच्या डोळ्यांसमोर मद्रासचा फलाट आला, त्यावर सुक्या मासळीच्या टोपल्या आल्या, आणि त्या टोपल्यांवर नानासाहेबांची घागर उलटी ठेवलेली दिसली. त्याने दरपत्रक मिटलं. लबाडी करायलाही अंगात एक दर्जा लागतो, आणि आपला तोही नाही, हे त्याने निमूटपणे कबूल केलं.

तेवढ्यात बातमी आली की निरोपाला वाजंत्री ठरली आहे. गडू डोक्यावर घेऊन सवाष्णी स्टेशनापर्यंत चालणार, नानासाहेब पुढे राहणार. शहरातल्या हिंदी बिरादरीलाही सांगावे गेले होते. शेजारचे मिसिरजी त्याला वाटेत अडवून, “भैया, हमारे नाम की भी एक डुबकी,” असं सांगून गेले. आपण आणखी दोन दिवस गप्प बसलो तर झाशीच आपल्याला उचलून गाडीत घालील, हे मधुसूदनला दिसलं. शारदा घरात सगळं करत होती. वेळच्या वेळी चहा, वेळच्या वेळी जेवण, एकही टोमणा नाही. मधुसूदनला भीती वाटली ती याचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो नानासाहेबांकडे गेला. ते ओटीवर सुपारी कातरत होते.

“नाना, मी खोटं बोललो. मला रामेश्वराला जायचं नव्हतं. बायकोमुलांना मद्रासचा समुद्र दाखवायला चाललो होतो.”

नानासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. “नुसता समुद्र?”

“नुसता.”

मधुसूदन रागाची वाट बघत होता. रागासाठी त्याची बरीच तयारी झाली होती. पाय धरायचंही ठरलं होतं. नानासाहेब रागावलेच नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि उदार मनाने म्हणाले, की मग समुद्रही बघ, त्याला कोण नको म्हणतं, आणि तसाच पुढे रामेश्वर करून ये. दक्षिणेत चाललाच आहेस.

मधुसूदनने लांबी समजावली, छोटी लाइन समजावली. उपयोग झाला नाही. ज्यांना सगळी झाशी आजही ‘दक्खिनी’ म्हणून ओळखते, त्यांच्या मनात दक्षिण म्हणजे एक बऱ्यापैकी मोठा मोहल्ला होता; त्याच्या एका टोकाला मद्रास, दुसऱ्या टोकाला रामेश्वर, मधे फार तर एखादा तलाव. तेव्हा मधुसूदनच्या ध्यानात आलं, की खरं बोलणं हे या कामातलं सोपं अर्धं होतं. अवघड अर्धं त्याच्या घराण्यात आजवर कुणी केलेलं नव्हतं.

“नाही, नाना,” तो म्हणाला. “मी रामेश्वराला जाणार नाही. गडू परत करतो.”

मग नानासाहेबांनी अडकित्ता उचलला. “ज्याचा त्याला तूच नेऊन दे,” ते सुपारीकडे बघत म्हणाले. “आणि गंगा हातात आहे, पायांत वहाण घालू नको.”

आता मे महिन्यातली झाशी आणि तिच्या फरशा ज्याने पायाने अनुभवल्या असतील त्याला पुढचं सांगायला नको. मधुसूदनने हिशेब केला होता की ऊन चढायच्या आत सगळं आटपेल. पण प्रत्येक घरी बसवून घेतलं गेलं, पन्हं दिलं गेलं आणि पन्ह्यामागून भाषण. केशवरावांना ‘मजा’ हा शब्द दोनदा सांगावा लागला; तिसऱ्यांदा त्यांनी तो स्वतःच उच्चारून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. अनुसूयाबाई गडू घेऊन आत गेल्या आणि आतून देवघराचं दार लावल्याचा आवाज आला. त्यांची धाकटी सून त्याला पोचवायला दारापर्यंत आली. इकडेतिकडे बघून तिने हळू आवाजात विचारलं, की तिथे बायका पाण्यात उतरतात का हो. उतरत असाव्यात, तो म्हणाला. ती लगबगीने आत पळाली. नानासाहेबांच्या घागरीला दोन खेपा झाल्या, कारण पहिल्या खेपेत ते पूजेला बसले होते आणि मुद्दाम बसले होते. दुपार डोक्यावर आली तेव्हा मधुसूदन गल्ल्यांतून असा चालत होता, की लांबून बघणाऱ्याला तो नाचतोय असं वाटावं.

यमुनाबाईंचा गडू शेवटी राहिला. तो त्यांच्या यजमानांनी आणलेला होता, म्हणून तोच त्याला जड गेला. पायरीवर उभा राहून त्याने पाठ केलेलं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि त्याच्या पायांकडे बघत होत्या.

“मला आधीच कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “रामेश्वराला निघालेला माणूस पोराला नाडीची चड्डी शिवत नाही.”

“मग गडू का दिलात, काकू?”

“सगळ्यांनी दिले,” यमुनाबाई म्हणाल्या. “मी एकटीने नाही दिला तर चारचौघांत कसं दिसलं असतं?”

मग त्यांनी त्याला आत घेतलं, पाय परातीत घालायला लावले, आणि माठातलं पाणी वर ओतता ओतता त्याच्या आजोबांपासून सगळ्या आगाश्यांचा भित्रेपणा त्याला क्रमाने सांगितला. त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

निघायच्या दिवशी वाजंत्री नव्हती, सवाष्णी नव्हत्या, हारतुरे नव्हते. खंडेराव गेटाच्या आतलं कुणीही स्टेशनवर फिरकलं नाही. मधुसूदन तळपायांना तूप चोपडून, कापडाच्या चिंध्या गुंडाळून हमालाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. पार्सल ऑफिसातल्या मंडळींनी त्याला तोलून पाहण्याची तयारी दाखवली. वरदाचारीने फक्त डोक्यावर हात मारून घेतला. गाडी सुटली. बीना गेलं, इटारसी गेलं. मुलं भांडली, झोपली, पुन्हा भांडली. शारदा खिडकीशी बसून होती आणि काही बोलत नव्हती, पण हे न बोलणं घरातल्यासारखं नव्हतं, एवढं त्याला ओळखता आलं. इतकी वर्षं संसार करून त्याने एवढीच काय ती विद्या मिळवली होती.

मद्रासला उतरल्यावर त्याचा बेत पहिल्याच दिवशी कोसळला. वरदाचारी म्हणाला होता ते शब्दशः खरं होतं. अंगातून पाणी असं वाहत होतं की माणूस समुद्रात न उतरताच भिजावा. पहाटे गेलेली मुलं पाण्यातून बाहेर यायला तयार होईनात. म्युझियम राहिलं, झोप राहिली, ओली चादर पेटीतून निघालीच नाही. मधुसूदनच्या पायांना खारं पाणी लागलं तेव्हा त्याने अशी उडी घेतली, की मार्तंडाने ती पुन्हा करून दाखवायला सांगितली. त्यानंतर तो कोळ्यांच्या एका होडीच्या सावलीत पाय वर करून बसला, सामानाची राखण करत, ज्या कामाचा त्याला पगारही मिळत असे.

शारदा पाण्याच्या कडेला होती. पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावरचा पदर कधीच खाली आलेला. लाट आली की मुलांच्या आधी तीच किंचाळत होती. एक काळीसावळी बाई डोक्यावरची शेंगांची टोपली उतरवून तिच्याजवळ उभी राहिली आणि तिला काहीतरी विचारू लागली. बरंच काही, हातवारे करून, एकदा मुलांकडे आणि एकदा होडीखालच्या मधुसूदनकडे बोट दाखवून. शारदेने मान हलवली, काहीतरी म्हणाली. मग दोघी खो खो हसल्या, आणि बाईने तिच्या ओंजळीत शेंगा घातल्या.

शारदा शेंगा घेऊन होडीपाशी आली. तिचं तोंड उन्हाने लाल झालं होतं आणि केस कपाळाला चिकटले होते.

“काय विचारत होती?” मधुसूदनने विचारलं.

“काय माहीत,” शारदा म्हणाली. “मी हो म्हणून टाकलं.”

अर्ध्या शेंगा त्याच्या मांडीवर ओतून ती परत पाण्याकडे पळाली.